वैजापूरचे झिंगे घेऊन डहाणूला

आमच्या शहराबद्दल कुणीही लिहायला बसलं की लेणी, मकबरा, किल्ला आणि नान-खलिया. संपलं. मी यातलं काहीच लिहिणार नाहीये. मे महिन्याच्या तोंडावर, शहाणी माणसं कूलरपुढं पाय पसरून बसलेली असताना मी स्कूटी काढली आणि वैजापूरला झिंगे बघायला गेले. हो, झिंगे. कोळंबी. समुद्रातली. मराठवाड्यात.

हसून घ्या. आमच्याकडं सगळे हसतातच.

खरं तर मला पाठवलं होतं आईनं, आणि तेही वेगळ्याच कामाला. "तुला नायतरी घरात बसवत नाही. जा, छायाला समजाव. म्हणावं, ते तळं बुजव आणि गप बस. आख्खं गाव हसतंय." छाया म्हणजे माझी मावशी. मी कॉलेज अर्धवट सोडलेली, एका जागी न टिकणारी पोरगी. मी कुणाला काय समजावणार? पण फिरायला मिळतंय म्हटल्यावर मी कशालाही हो म्हणते.

शहरातून माळीवाडा, लासूर स्टेशन करत वैजापूर. रस्ता बरा आहे, पण दुपारी निघू नका, डांबराची वाफ तोंडावर येते. समृद्धी महामार्ग जवळून जातो, तरी दुचाकीला तिथं मनाई आहे, तेव्हा जुनाच रस्ता धरा. लासूरला उसाच्या रसाला थांबले, तर शेजारी एक चाचा घड्याळं दुरुस्त करत बसलेले. त्यांच्याशी गप्पा मारता मारता ऊन कलायला लागलं. मावशीचा फोन आला, "पिंके, लासूरलाच लग्न करून ऱ्हायलीस का?"

मावशीचं शेत वैजापूरच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. वर्षानुवर्षं पाणी पाजून तिथली जमीन चोपण झालीय. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं, मीठ सांडल्यासारखं. कापूस लावला की जळतो, कांदा पोसतच नाही, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, शेंद्र्याला कंपनीत आहेत, सुट्टीला येतात. तर या मावशीनं एका प्रशिक्षणात ऐकलं की खाऱ्या पाण्यात झिंगे येतात, आणि तिनं त्या मेलेल्या जमिनीत तळं खोदलं. आपल्या खाऱ्या पाण्यात समुद्रातलं सगळं नसतं, पोटॅश कमी पडतो, तो वरून टाकावा लागतो. रात्रंदिवस पाणी घुसळणारे पंखे लागतात. ते सगळं ती शिकली. पहिल्या खेपेला माल असा निघाला की नाशिकचा व्यापारी बांधावर येऊन उभा राहिला.

दुसऱ्या खेपेला, या मार्चात, गारपीट झाली. चार दिवस आभाळ, गार वारा. आणि झिंगे कडेला येऊन मरायला लागले. कवचावर पांढरे ठिपके. हा ठिपक्यांचा रोग व्हायरसचा असतो, जगभरातले झिंगेवाले त्याला घाबरतात. तळंच्या तळं साफ होतं. मावशीचंही झालं.

पण सगळं नाही. ती मला थेट बांधावरच घेऊन गेली आणि पाण्यात टोपली बुडवली. वर आली तेव्हा आत सात-आठ झिंगे तडातडा उड्या मारत होते.

"बघ. शेजारी सगळे मेले, हे जिते. असे काही शे हायेत आत. ह्यांच्या अंगात काहीतरी हाय, पिंके. ह्यांचंच बी धरायचं."

यात मला तर काही चूक दिसली नाही. आमच्याकडं जोंधळ्याचं बियाणं असंच धरतात. पाऊस कमी पडला, कीड आली, तरी जे ताट, म्हणजे ज्वारीचा धांडा, उभं राहिलं त्याचं कणीस बाजूला काढून टांगून ठेवायचं. मावशीनं तेच झिंग्यांना लावलं होतं.

संध्याकाळी तिचे दीर, सुभाषकाका, ओट्यावर आले. जमीन अजून दोघा भावांच्या नावावर आहे. बोलायला गोड माणूस, पण ठाम.

"वैनी, मृगाच्या आत तळं बुजवायचं. मी गावात कुठं बसलो की लोक विचारतेत, काय भाऊ, समुद्र कसा हाय?"

"मग सांगायचं, खारट हाय."

"हसू नका. वीटभट्टीवाला जागा मागतोय."

"भाऊजी, हे झिंगे मी तपासून आणते. ह्यांचं बी धरता आलं तर तळं ऱ्हाईल. नाय आलं तर बघू."

"नाय आलं तर बुजवू," सुभाषकाका म्हणाले. आणि पाणी पिऊन गेले.

मला आईनं काय सांगून पाठवलंय ते त्या रात्री मी सांगून टाकलं. मावशी म्हणाली, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला वाटतं डहाणूला जाऊ." कारण तिकडं समुद्रकाठी झिंग्यांच्या बियाण्याचं केंद्र आहे आणि तिथं तपासणी होते, एवढं तिला माहीत होतं. फोन करून विचारावं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. ती चूक तुम्ही करू नका.

सकाळी झाकणाच्या बादलीत तळ्याचंच पाणी, त्यात निवडक झिंगे, बॅटरीवर बुडबुडे सोडणारा छोटा पंप. बादलीला ओल्या पोत्याचा वेढा. वैजापूरहून नाशिकची एसटी मिळते, बायांना अर्धं तिकीट, बसायला जागा मिळाली तर नशीब. आम्हाला मिळाली, कारण बादली बघून शेजारचा उठला.

कंडक्टर आले. "मावशे, आत काय गुरगुरतंय?"

"झिंगे."

"वैजापूरचे?"

"व्हय."

त्यांनी मागं वळून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "पाटील, वैजापूरला समुद्र आला!" अख्खी गाडी हसली. मावशी तिकीट पदरात बांधत म्हणाली, "तुमचं अर्धं तिकीट घेऊ का? तुम्हीबी बघायला चला." गाडी पुन्हा हसली, पण यावेळी तिच्या बाजूनं.

नाशिकला गाडी बदलून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. आमच्या सपाट मुलखातून येणाऱ्यानं हा घाट खिडकीला बसूनच करावा. मोहाची फुलं वेचून झाली होती, पाड्यांवर अंगणाअंगणात वाळत टाकलेली. जव्हारला पुढची गाडी यायला वेळ होता म्हणून मी एका आजीच्या मागं मोहाची फुलं चाखायला गेले. मनुकेसारखी गोड, मागून जरा उग्र. परत आले तर गाडी सुरू आणि मावशी एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर ठेवून ड्रायव्हरला अडवून उभी. "झिंगे सांभाळू का तुला?" एवढंच बोलली.

डहाणूला पोचलो तेव्हा संध्याकाळ. खानावळीला लागून एक खोली मिळाली, पंखा चालू, पाणी गरम येतं कारण टाकी गच्चीवर. बॅटरी चार्जिंगला लावून आम्ही किनाऱ्यावर गेलो. मावशीनं समुद्र पहिल्यांदा बघितला. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं आणि म्हणाली, "लई कडक हाय. माझं ह्याच्यापुढं गोडंच म्हणायचं." मग पायानं वाळू दाबून बघितली. "पाणी धरणार नाय ही."

दुसऱ्या दिवशी रिक्षानं केंद्रावर. सुरूची झाडं, लांब पत्र्याच्या शेड, फाटकापाशी जांभळ्या पाण्याचा उथळ हौद, जंतू मरावेत म्हणून पाय बुडवून आत जायला. मावशीनं बादली उचलली आणि निघाली.

"थांबा! तिथंच थांबा! बादलीत काय?" वॉचमन अंगावर धावून आला.

"झिंगे. तपासायला."

"कुठले?"

"आमच्या तळ्यातले. ठिपक्याचा रोग झाला होता, त्यातनं वाचलेले," मावशी अभिमानानं म्हणाली.

त्या माणसाचं तोंड असं झालं, जणू आम्ही बादलीत नाग आणलाय. त्यानं शिट्टी फुंकली. खरंच फुंकली. आतून कुणी धावत आलं, फाटक आतून लावलं, आणि बाहेर आम्ही दोघी, बादली आणि तिचा गुरगुराट.

थोड्या वेळानं एक बाई आल्या. तिशीच्या, गमबूट, हातमोजे, केस टोपीत. तपासणीच्या डॉक्टर. फाटकाबाहेर येऊन रस्त्यापलीकडं, लांब सुरूखाली आम्हाला नेलं आणि आधी पोटभर झापलं. आत हजारो पिल्लं आहेत, तुमच्या बादलीतला एक थेंब सांडला तर आमचं सगळं जाईल, जिवंत झिंगे घेऊन तुम्ही तीन जिल्हे ओलांडून आलात, नमुना स्पिरिटमध्ये घालून आणायचा असतो, कुणी सांगितलं नाही?

"नाय सांगितलं," मावशी म्हणाली. "पण रागवून झालं असंल तर बघता का आता?"

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी तिथंच झाडाखाली काही झिंग्यांचे कल्ले काढून छोट्या बाटल्यांत स्पिरिटमध्ये घातले. उरलेल्या बादलीत ब्लीचिंग टाकायला लावली. पाणी पांढुरकं झालं, उड्या थांबल्या. मी दुसरीकडं बघत होते, ती नव्हती.

निकाल दुसऱ्या दिवशी. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरबाई स्वतःच बाहेर आल्या, चहाचा थर्मास घेऊन. त्याच सुरूखाली बसलो.

"व्हायरस आहे," त्या म्हणाल्या. "कमी आहे, पण सगळ्यांच्या अंगात आहे. यांचं बी धरता येणार नाही."

"पण ते मेले नाय ना," मावशी म्हणाली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. जाणकारांनी चुका काढाव्यात. आपल्याला एखादा रोग होऊन गेला की अंग त्याची ओळख लक्षात ठेवतं, म्हणून आपल्याला लस चालते. झिंग्याला तशी लक्षात ठेवायची सोय जवळजवळ नाही. किती आहे, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. त्याची लढाई जन्मतः मिळालेल्या सामानावर. म्हणजे जीन्स. काही जीन्स जंतूचं कवच ओळखायला, काही जंतूला भोकं पाडणारी द्रव्यं बनवायला, काही जखमेवर काळं लिंपण घालायला, काही व्हायरसच्या नकला कापून टाकायला. कुणात हे सामान चटकन बाहेर निघतं, कुणात उशिरा. एकाच तळ्यात भावाभावांत फरक.

"तेच म्हणते मी," मावशी पुढं सरकली. "ह्यांचं सामान चांगलं हाय."

"असेल. नसेलही. मरायचे कधी थांबले?"

"गारपिटीच्या मागं मरायला लागले. ऊन तापलं तसे थांबले."

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "पाणी किती तापतं?"

"दुपारी कडंला पाय ठेववत नाय."

"मग बघा, पाणी चांगलं तापलं की हा व्हायरस मंदावतो. तुमचे झिंगे त्यांच्या अंगच्या गुणानं वाचले की तुमच्या उन्हानं, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

मी विचारलं, मग रोगाला दाद न देणारं बी बनवतात कसं? त्यांनी सांगितलं. झिंग्यांची कुटुंबं वेगवेगळी वाढवतात. प्रत्येक कुटुंबातली काही पिल्लं रोगाच्या टाकीत सोडतात, काही स्वच्छ टाकीत ठेवतात. रोगाच्या टाकीत ज्या कुटुंबातले जास्त तगले, त्या कुटुंबातली स्वच्छ टाकीतली भावंडं पैदाशीला घेतात.

"आणि जे लढून वाचले ते?" मावशीनं विचारलं.

"मारून टाकतो."

"हा कुठला न्याय?"

"ताई, त्यांच्या अंगात व्हायरस राहतो. तो पोरांत उतरू शकतो. एवढं करूनही एका रोगाला चांगलं निघालेलं बी दुसऱ्याला बळी पडतं, किंवा हळू वाढतं. तुमच्या तळ्यात बिनधास्त सोडा असं बी आज माझ्याकडं नाही. तुम्ही आणलं होतं ते रोगमुक्त होतं, म्हणजे येताना रोग घेऊन आलं नव्हतं, एवढंच."

"मग रोग आला कुठून?"

"ओढायचं जाळं कुणाचं वापरलंत?"

मावशी म्हणाली, "पलीकडच्या गावात अजून एकाचं तळं हाय, त्याच्याकडनं आणलं होतं. त्याचे मरत होते, त्यानं काढून घेतले, मग जाळं मला दिलं. आमच्यात न मागताच देतेत एकमेकांला. पेरणीला बैल देतो, तसं."

"मग बहुतेक त्या जाळ्यातूनच आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढं काय करायचं ते त्यांनी एकेक करून सांगितलं: तळ्यात काही जिवंत ठेवायचं नाही, पाणी ब्लीचिंगनं मारायचं, नाल्यात सोडायचं नाही, तळ भेगा पडेपर्यंत वाळवायचा, वरचा काळा गाळ खरवडून काढायचा, खेकडे येऊ नयेत म्हणून कडेनं कुंपण, आणि बी आता नाही, पुढच्या वर्षी, ऊन तापायला लागल्यावर.

परतीच्या गाडीत मावशी रिकामी बादली मांडीवर घेऊन बसली होती. मोखाड्याच्या घाटात म्हणाली, "बी धरता आलं नाय तर बुजवायचं, असं भाऊजी म्हणले. मी म्हणले, बघू."

मी दोन दिवसांसाठी गेले होते, तीन आठवडे राहिले. आईला फोनवर सांगितलं, समजावतेय अजून.

आल्या आल्या आम्ही जाळं टाकून होते नव्हते तेवढे झिंगे काढले. हा रोग माणसाला काही करत नाही, हे डॉक्टरबाईंना दोनदा विचारून घेतलं होतं. मावशीनं मोठं पातेलं चढवलं, काळा मसाला, सुकं खोबरं, आणि जो जो हसला होता त्याला त्याला जेवायला बोलावलं. सुभाषकाकाही आले. पहिलं ताट मावशीनं स्वतःला वाढून घेतलं. ज्यांचं बी धरायचं म्हणून ती दोन महिने जपत होती, तेच. भाकरी मोडून मोडून पोटभर जेवली. टरफल मात्र एकसुद्धा कुणाला बाहेर फेकू दिलं नाही, सगळी खड्ड्यात चुना टाकून पुरली. एक जण चुपचाप डोकी कुत्र्याला घालायला निघाला होता, त्याला तिनं असं हाकललं की विचारू नका.

मग ब्लीचिंग. पाणी आमच्याच शेताच्या पडीक कोपऱ्यात मुरवलं. पलीकडच्या तळेवाल्याचा माणूस आमचं फेकायचं जाळं उसनं मागायला आला, तर मावशी म्हणाली, "देणार नाय. आणि तूबी कुणाला देऊ नको." गावात याची फार चर्चा झाली. तळं बुडालं त्यापेक्षा जास्त. छायाबाईला माज आला, असं पाणवठ्यावर बोललं गेलं. मावशीनं ऐकलं आणि जाळं कडुनिंबाला टांगून उन्हात वाळवलं.

ऊन तर होतंच. तळ वाळला, तडकला, भेगांत माझा हात मनगटापर्यंत जायला लागला. आणि एके सकाळी सुभाषकाका जेसीबी घेऊन आले.

मावशी चहा टाकून बाहेर आली, पदर खोचला आणि चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन तळ्यात उतरली. तळावर पांढरी रेघ ओढत गेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बघत राहिला.

"वैनी, वर या. माती ढकलायचीय."

"बी धरता नाय आलं, भाऊजी. तुम्ही म्हणले ते खरं झालं," ती खालून ओरडली. "पण मशीन आणलंच हाय तर हा काळा गाळ काढून घ्या. रेघेच्या आत. बांधावर नाय टाकायचा, तिकडं पडीकात."

"मी बुजवायला आणलंय!"

"मग बुजवा. मी इथंच उभी हाय."

ड्रायव्हरनं सुभाषकाकांकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करणार, मी मावशीशेजारी जाऊन उभी राहिले. पायाखाली माती चटके देत होती, चप्पल वरच राहिली होती.

"पुढच्या वर्षी मेले तर?" काका म्हणाले.

"मरतील कदाचित. मी नाय म्हणत नाय. औंदा मी उसन्या जाळ्यानं अन् गारठ्यानं मारले, पुढच्या वर्षी तसे मारणार नाय एवढं सांगते. आणि विटा काय, कुठंबी व्हतेत."

सुभाषकाकांनी बांधावरून ती पांढरी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "काढ गाळ. नीट काढ, नायतर मलाच ऐकून घ्यावं लागंल." आणि चहा न घेता गेले. एक वर्ष दिलं, असं ते तोंडानं बोलले नाहीत. मृग लागला, जेसीबी परत आला नाही.

पहिल्या पावसाआधी मी स्कूटीवरनं घरी आले. आई दारातच. मी तिला सगळं सांगितलं, तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तीन आठवड्यांत तू तिचा गाळ काढून आलीस." हो. तेच करून आले.

तुम्हाला तिकडं जायचं असेल तर जा. मावशी चहा देईल. तळ्याच्या कडेला जाण्याआधी जांभळ्या पाण्यात पाय बुडवा, हौद आता तिथंही आहे. कुणी काही विचारलं तर तळ्यात सध्या काय आहे, याचं उत्तर आहे: काही नाही. एक मोठा, खरवडलेला, भेगाळलेला खड्डा. मी लेणी सोडून तो बघायला गेले होते आणि मला तो पुरेसा वाटला. तो बुजवलेला नाही.